पहिल्या हाकेला ओ

मावशींनी माझा फोन दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मी नमस्कार करायच्या आधी रागावले. म्हटलं, मावशी, फोन वाजला की उचलत जा की, माणूस तिकडं ताटकळत बसतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, हे घरचे सगळे सांगतील. मावशी मात्र जराही बिचकल्या नाहीत.

"तीन हाका झाल्याबिगर म्या ओ देत न्हाई माय," त्या म्हणाल्या. "फोन असला म्हणून काय झालं? हाक ती हाकच."

मी हसले. हे आपल्या कार्यक्रमात घ्यायचं, असं वहीत लिहूनही ठेवलं. तिन्हीसांजेला कुणी एकदाच हाक मारली तर ओ देऊ नये, हाक मारणारं माणूस असेल तर ते पुन्हा मारतं, दुसरं काही असेल तर त्याला एकदाच मारता येते, आणि ओ दिली की ते माणसाला घेऊन जातं, हे लहानपणी आम्हीही ऐकलेलं. पण ते मोबाइलला लावणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणजे, ऐकत होते.

मी लातूरची. सून म्हणून नांदेडला आले. लातूरला आम्ही पाणी घागर मोजून वापरलं, रेल्वेनं आलेलं पाणीही प्यालो, त्यामुळं विहीर दिसली की वाकून बघायची मला खोडच आहे. त्या खोडीतून पुढं पॉडकास्ट सुरू झाला. नांदेड-लातूरकडच्या जुन्या विहिरी शोधायच्या, त्या विहिरींवर ज्यांचा जन्म गेला त्यांना बोलतं करायचं, आणि ते बोलणं लोकांना मोबाइलवर ऐकायला द्यायचं. सामान एका शबनममध्ये मावतं: तळहाताएवढा रेकॉर्डर, पदराला किंवा कॉलरला लावायचे दोन माईक, हेडफोन, जादा सेल, आणि वारा अडवायला माईकवर घालायची केसाळ टोपी. त्या टोपीला प्रत्येक गावात वेगळं नाव पडतं. हिमायतनगरला एकानं तिला उंदीर म्हटलं होतं. मावशी पुढं तिला मुंगूस म्हणाल्या.

रेकॉर्डिंग मला शिकवलं नांदेडच्या इतवारा बाजारातल्या एका चाचांनी. ते पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, आता मोबाइलच्या वायरी विकतात, आणि वायरीपेक्षा गप्पा जास्त विकतात. पहिल्या दिवशीच त्यांनी मला एक गोष्ट पढवली. "बोलना तो बाद में बी होता बेटी," ते म्हणाले, "पैले घर का सन्नाटा भर लेव."

म्हणजे असं, की ज्या खोलीत मुलाखत घ्यायची तिथली एक मिनिट शांतता रेकॉर्ड करायची. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. नंतर मुलाखतीतला खोकला, अडखळणं कापलं की तिथं भोक पडतं. त्या भोकाला ठिगळ लावायला त्याच खोलीची शांतता लागते. साडीला ठिगळ त्याच साडीचं बरं दिसतं ना, तसं. प्रत्येक घराची शांतता वेगळी असते, हे मला या कामातच कळलं. पत्र्याचं घर उन्हानं टिकटिकतं. स्लॅबच्या घरात फ्रिज गुणगुणतो. मातीच्या घराला बारीक काहीतरी सारखं पोखरत असतं.

तर मावशी. गाव कंधारच्या पुढं, लातूर जिल्ह्याच्या हद्दीला चिकटून. नांदेडहून एसटीनं कंधार, तिथून काळीपिवळी जीपमध्ये बाराव्या सीटवर अर्धी बाहेर लटकत. मावशींचं वय पासष्टीच्या आसपास, अंगानं काटकुळ्या, पण आवाज खणखणीत. एकट्या राहतात. शेजारच्या घरात दीर आणि त्यांचं कुटुंब. मुलगी उदगीरला दिलेली. मावशींच्या सासऱ्यांनी स्वतः खोदलेली पायऱ्यांची विहीर गावाच्या कडेला आहे, आणि त्या विहिरीच्या गोष्टी सांगायला मावशींसारखं कुणी नाही, असं मला कळलं होतं.

खोटं नव्हतं ते. दुपारी दोनला बसलो ते पाच वाजेपर्यंत बाई अखंड बोलल्या. दगड कुठून आणला, पहिलं पाणी लागलं तेव्हा सासऱ्यांनी त्याच पाण्यात उभं राहून बिडी कशी ओढली, कुठल्या सुनेचा हंडा कुणी मुद्दाम बुडवला. मी हसून हसून बेजार. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज असा भरून येत होता की मी मनातल्या मनात या भागाला पैकीच्या पैकी देऊन टाकले.

एकच झालं. बोलण्याच्या नादात सुरुवातीची शांतता भरायची राहिली. सामान आवरताना आठवलं. मग मी मावशींना म्हटलं, आता एक मिनिट आपण दोघींनी नुसतं बसायचं, गप.

"कशापायी?"

"तुमच्या घराची शांतता घ्यायची आहे."

"घे की," त्या म्हणाल्या, "हाय तेवढी घे."

मी बटण दाबलं. हेडफोनमध्ये पत्रा टिकटिकला. एक पाल बोलली. लांब कुठंतरी ट्रॅक्टर होता. आणि मग मला मावशींचा श्वास ऐकू यायला लागला. पदराला लावलेला माईक मी काढला नव्हता. श्वास आधी बारीक होता, मग भरभर व्हायला लागला, उतारावरून येणाऱ्या माणसासारखा. मी मान वर करून पाहिलं तर त्या माझ्याकडं नाही, मागच्या दाराकडं बघत होत्या.

"या यंत्रात," त्या म्हणाल्या, "इहिरीतली हाक ऐकू येती का? हितं घरात बसून?"

चाळीस सेकंद झाले होते. सगळं मिनिट वाया. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी फाडकन म्हटलं, "मावशी, एक मिनिट म्हणजे एक मिनिट हो! एवढं पण होत नाही का?"

आणि मग खालच्या आवाजात त्यांनी जे सांगितलं ते ऐकल्यावर माझी मलाच लाज वाटली. आजही वाटते.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचे मालक तिन्हीसांजेला विहिरीवर गेले, इंजिनाच्या पाइपात गाळ अडकला होता तो काढायला. मावशी चुलीपुढं भाकरी थापत होत्या, सासू शेजारी बसली होती. मागच्या दारानं हाक आली. "अगं ए." नवरा त्यांना कधी नावानं हाक मारत नसे, त्या काळी कुणीच मारत नसे. 'अगं ए' एवढीच. मावशी भाकरी टाकून उठल्या, तर सासूनं मनगट धरलं. म्हणाली, एकच झाली. बस खाली. दुसरी होऊ दे.

"म्या बसले," मावशी म्हणाल्या. "दुसरी आलीच न्हाई."

तासाभरानं दिराला विहिरीच्या काठावर चपला दिसल्या. पायरीवरून पाय घसरला होता. डोक्याला लागलं होतं, पण मेले ते पाण्यानं, असं लोक म्हणाले. म्हणजे पडल्यावर काही वेळ जिवंत होते. सासूनं त्या हाकेचा विषय मरेपर्यंत काढला नाही. आणि मावशींनी तो कुणालाच सांगितला नव्हता, मुलीलाही नाही.

"हाक त्यांचीच असल तर म्या मारलं त्यांना," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात कापला नाही. "इहिरीतनं हितवर आवाज पोचत नसल तर ते दुसरंच कायतरी व्हतं, अन् सासू बराबर व्हती. एवढंच कळाय पायजे मला. तू इहिरीवर जाऊन एक हाक मार. तुझं यंत्र हितं माझ्यापाशी ठेव. माझे कान आता गेलेत, त्यावर माझा इस्वास न्हाई. यंत्राला काय ऐकू येतंय ते मला सांग. त्याच टायमाला. तिन्हीसांजंला."

म्हणून बाईंनी मला घरात घेतलं होतं. तीन तास हंड्यांच्या आणि बिडीच्या गोष्टी सांगितल्या त्या यासाठी. मी म्हटलं, आज शेवटची गाडी निघून जाईल मावशी, पुढच्या खेपेला बघू. आणि चक्क पळ काढला.

नांदेडला आल्यावर तो भाग कापायला बसले. खोकले काढले, 'म्हंजी, म्हंजी' काढले. ठिगळाला शांतता हवी म्हणून ते चाळीस सेकंद लावले, तर प्रत्येक वेळी शेवटी तो श्वास यायचा आणि तो प्रश्न. कापायला हात होईना. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. शेवटी उठून इतवाऱ्यात गेले.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, आणि हाक ऐकू आली तर? मी काय त्या बाईला तोंडावर सांगू, की हो, नवरा तुम्हालाच बोलवत होता?

"तो मत जाव," चाचा म्हणाले.

"पण तिला पाहिजे आहे ना ते."

"तो जाव." मग जरा थांबून म्हणाले, "मशीन झूट नै बोलती बेटी. मगर मशीन कू ये बी नै मालूम, के उनो खुद क्या सुनी."

घ्या. सल्ला मागायला जावं तर हे असं. मी चिडूनच परत आले आणि दहाव्या दिवशी कंधारची गाडी धरली.

या वेळी मी मुक्कामाच्या तयारीनं गेले होते. दिवस मावळायला आला तशी तयारी सुरू केली. पंखा बंद. गॅस बंद. फ्रिजचा प्लग काढला. दिरांच्या घरातला टीव्ही बंद करायला लावला, तेव्हा जावेनं मालिका बुडाली म्हणून तोंड वाकडं केलं. मावशी बरोबर जुन्या जागी बसल्या. चूल आता नाही, तिथं गॅसचा ओटा आहे, पण ओट्यापुढं जमिनीवर त्यांनी पाट मांडला आणि मागच्या दाराकडं तोंड करून बसल्या. रेकॉर्डर मी पालथ्या पातेल्यावर ठेवला.

"मुंगूस घालू नगंस त्याला," त्या म्हणाल्या. "त्याला नीट ऐकू दे."

माझी एक पद्धत आहे. दोन यंत्रांवर एकाच वेळी रेकॉर्ड करायचं असलं की दोन्ही सुरू करून मध्ये एक जोरात टाळी वाजवायची. टाळी दोन्हीकडं उमटते. नंतर ती टाळी टाळीला जुळवली की दोन्हीकडचा सेकंद न् सेकंद जुळतो. मी माझा मोबाइल रेकॉर्डिंगला लावला, रेकॉर्डर सुरू केला आणि टाळी वाजवली. त्या मोकळ्या स्वयंपाकघरात ती केवढी तरी मोठी वाजली. मावशी दचकल्या नाहीत. मी दचकले.

मोबाइल हातात धरून मागच्या दारानं बाहेर पडले. बोळात एक कुत्रं आडवं आलं, दात काढून भुंकायला लागलं. त्याच्याशी माझी बरीच झटापट झाली. हाड् हाड् करत, दगड उचलल्याचं सोंग करत ते पार केलं. पुढं सोयाबीनचं नवं गोदाम लागतं, त्याला वळसा घालून विहीर. अंधार पडला नव्हता, पण उजेडही आपला म्हणावा असा उरला नव्हता. पाणी तळाला हिरवं साचलेलं. मी आठ पायऱ्या उतरले. फडाफडा पारवे उडाले.

आता हाक मारायची. इतकं विचित्र वाटलं म्हणून सांगू! मी, दोन लेकरांची आई, विहिरीत उभी राहून दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याच्या तोंडची हाक मारणार. घसा खाकरला. आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "अगं ए!"

विहिरीनं ती हाक फिरवून फिरवून माझ्याच अंगावर टाकली. मग सगळं गप. मला एकदम वाटलं, खाली बघू नये. मी नाही बघितलं. वर आले, तरातरा चालायला लागले, आणि गोदामापाशी पायाला खडे टोचले तेव्हा कळलं की मी अनवाणी आहे. मागं वळून पाहिलं तर माझ्या चपला विहिरीच्या काठावर. उतरताना काढून ठेवल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. दातओठ खात परत गेले आणि त्या उचलून आणल्या. घालायचा धीर झाला नाही, हातातच धरल्या.

घरी आले तर मावशी तशाच पाटावर. देवापुढं दिवा लावलेला. चेहरा ओला होता, पण रडत नव्हत्या.

"आली गं माय," त्या म्हणाल्या. "आली हाक. माझ्या ह्या कानानं ऐकली. म्हंजी त्यांचीच व्हती तवा बी." दोन्ही हातांनी त्यांनी पदर घट्ट धरला होता. "मला वाटलं, आता तरी द्यावी. म्या ओ दिली."

कशाला या भानगडीत पडलीस, हात दाखवून अवलक्षण, असं स्वतःला म्हणत मी खाली बसले.

"आवाज मातर लई भारी काढलास," त्या म्हणाल्या. "हुबेहूब बाप्यावानी."

माझा आवाज बारीक आहे. फोनवर लोक मला 'आई घरात आहे का बाळा' असं विचारतात.

हेडफोन कानाला लावले. आधी मोबाइलवर पाहिलं. टाळीपासून सहा मिनिटं आणि वर काही सेकंदांनी माझी हाक होती. मग रेकॉर्डरवर तीच जागा काढली. आवाज पुरा वाढवला. पत्रा टिकटिकतो आहे. मावशींचा श्वास आहे. बांगडी एकदा किणकिणली. हाक नाही. मागं गेले, पुढं गेले, चारदा ऐकलं. हाक नाही म्हणजे नाही. माझी हाक त्या स्वयंपाकघरात पोचलीच नव्हती.

मला इतकं हलकं वाटलं की मी जवळजवळ हसलेच. म्हटलं, "मावशी, नाही आली. विहिरीतला आवाज इथं येत नाही. यंत्रातसुद्धा नाही. तुम्ही नाही मारलं त्यांना. ऐकताय ना? तुम्ही नाही मारलं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, खरंच आली, मी पाहिली. खांदे खाली उतरले. मध्ये आता गोदाम उभं आहे आणि तेव्हा तिथं मोकळं रान होतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. त्यावर दोघीही बोललो नाही. मग त्यांनी विचारलं, "मंग म्या ओ कुणाला दिली?"

"कधी दिलीत?"

"तू गेलीस अन् लगीच. कुत्रं भुकत व्हतं तवा."

मी रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. टाळी. माझी पावलं, दाराची कडी. मग शांतता. बोळातून कुत्र्याचं भुंकणं, माझं हाड् हाड्. दोन मिनिटं झाली, अडीच झाली. आणि मागच्या दाराच्या बाजूनं, फार लांबून नाही, एक पुरुषाचा आवाज. दमलेला, जरासा घोगरा.

"अगं ए."

त्यामागं लगेच, माईकजवळ, मावशींची ओ. लहान मुलीसारखी दिलेली.

मी मोबाइल उघडला. टाळीला टाळी लावली. त्याच सेकंदाला माझ्या मोबाइलवर मीच होते, बोळात, कुत्र्यावर ओरडत. मागं दुसरा कसलाही आवाज नव्हता. आणि मी तर त्या दारापासून वीस पावलांवर होते.

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. मी तशीच उठले, बाहेर गेले. दिरांना विचारलं, तुम्ही आत्ता कुणाला हाक मारलीत का? ते म्हणाले, मी तर आत्ता शेतातून येऊन राहिलो. जाऊ म्हणाली, टीव्ही तुम्हीच बंद करायला लावला. गोदामाला कुलूप होतं. आता गावात 'अगं ए' म्हणून बायकोला हाक मारणारे नवरे काय कमी आहेत? घरटी एक. त्यातलाच कुणी असेल. असेलच. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं, आताही सांगते.

परत आले तेव्हा मावशींनी हेडफोन हातात घेतले होते. "मला ऐकीव," म्हणाल्या.

नको म्हणावंसं वाटत होतं. पण कुठल्या तोंडानं म्हणू? मी त्यांचा पदर जरा मागं सारला, हेडफोन कानांवर नीट बसवले, आवाज त्यांच्या कानांना पोचेल इतका वाढवला आणि ती जागा लावली.

हेडफोन त्यांच्या कानावर, त्यामुळं मला काही ऐकू येत नव्हतं. मी नुसतं त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी डोळे मिटले. एकदा ऐकलं. बोटानं पुन्हा लाव अशी खूण केली. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग त्यांनी हेडफोन काढले आणि माझ्या हातात दिले, आणि आधी केलं नव्हतं ते केलं, पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला, घरात वडीलधारं कुणी आल्यावर बायका घेतात तसा.

"तेच हायेत," त्या म्हणाल्या. "पर आवाज म्हातारा झालाय."

तीस वर्षांचे होते ते, गेले तेव्हा.

"मावशी," मी म्हटलं, आणि तोंडातून निघून गेलं, "पहिल्याच हाकेला ओ दिलीत हो तुम्ही." म्हणाले आणि जीभ चावली.

"दिली," त्या शांतपणे म्हणाल्या. "चाळीस वर्सं येळ झाला. पर दिली." आणि उठून त्यांनी फ्रिजचा प्लग लावला, गॅस पेटवला, माझ्यासाठी पिठलं टाकलं.

त्या घरात मी मुक्काम केला खरा, पण डोळ्याला डोळा लागला नाही, आणि मावशी मात्र ढाराढूर झोपल्या. सकाळी मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. काळीपिवळीत बसता बसता म्हणाल्या, ते पुसू नगंस. मी म्हटलं, नाही पुसत.

विहिरीचा भाग लोकांना फार आवडला. बिडीची गोष्ट, बुडवलेल्या हंड्याची गोष्ट, त्यावर बायकांचे किती निरोप आले. बाकीचं त्यात नाही. ती फाइल मी कुणाला ऐकवलेली नाही, चाचांनाही नाही. ते दोनदा विचारून चुकले, क्या सुनी मशीन? मी विषय बदलते.

मावशींना मात्र मी दर रविवारी फोन करते. त्यांना काही होईल की काय, अशी धास्ती मला तेव्हापासून आहे, उघडच सांगते. लहानपणी ऐकलेल्या त्या हाकेच्या गोष्टीवर मला विश्वास ठेवायचा नसला तरी तो पोटातून काही गेलेला नाही. तशा ठणठणीत आहेत. गुडघे दुखतात, मुलगी उदगीरला चल म्हणते, त्या जात नाहीत. घर सोडून कसं जाणार, म्हणतात.

एकच बदललं आहे. फोन आता तीनदा करावा लागत नाही. पहिलीच रिंग पुरी व्हायच्या आत उचलतात. हॅलो म्हणत नाहीत, कोण म्हणून विचारत नाहीत. म्हणतात, "ओ."

आणि थांबतात. तिकडून पत्र्याची टिकटिक ऐकू येते, श्वास ऐकू येतो, त्यांच्या घराची ती शांतता मी आता कुठंही ओळखीन. मी घाईघाईनं सांगून टाकते, "मावशी, मी आहे. मीच आहे हो."

क्षणभर तिकडं काहीच नसतं.

"तू व्हय," त्या म्हणतात. "बोल माय."